तबकडीवरचं संगीत आणि कॅसेटमधलं घर: आपला ऑर्केस्ट्रा कुटुंबासाठी कसा जपावा

आमच्या घरात कुणालाच कुठलं वाद्य वाजवता येत नाही. तरी बाबा ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना फिलहार्मॉनिकला ‘आपला ऑर्केस्ट्रा’ म्हणायचे, ते अशा थाटात की तिथे दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत आमचा एखादा चुलता बसलेला असावा. ते गेल्यावर कपाटातून अकरा तबकड्या आणि सहा कॅसेटी निघाल्या. त्यांचं काय करायचं हे शिकायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं निम्मं शिक्षण चुका निस्तरण्यात झालं, त्या चुकांसकट इथे लिहिते आहे. तुमचा ऑर्केस्ट्रा वेगळा असेल, पण करायची कामं हीच.

यंत्र नंतर, आधी माणसं

माझी पहिली चूक क्रमाची. मी आधी चांगला रेकॉर्ड प्लेअर शोधत बसले. तबकडी नीट ठेवली तर अजून पन्नास वर्षं टिकेल. आत्या चौऱ्याऐंशीची आहे. तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करा, आणि याच आठवड्यात करा.

मूळ तबकडी वाजत नसेल तर थांबू नका. फोनवर त्याच संगीताची कुठलीही आवृत्ती लावा, दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. सबंध सिंफनी लावून समोर बसलात तर माणूस ऐकत बसतो, बोलत नाही. माणसाला पंधरा ते पंचवीस या वयाच्या आसपास ऐकलेलं संगीत सहसा जास्त पक्कं लक्षात राहतं. म्हणून बोलणाऱ्याचं ते वय कुठल्या सालात पडतं हे आधी मोजा आणि त्या काळात घरात जे वाजत होतं तिथून सुरू करा. मी आत्याला आधी मला आवडणारं काहीतरी ऐकवलं. “छान आहे हं,” एवढं म्हणून ती गप्प.

‘काय आठवतं?’ असं विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला ‘काही नाही गं’ हेच उत्तर येतं. जागा विचारा, वस्तू विचारा. प्लेअर कुठल्या भिंतीला होता? तबकडीला हात लावायची परवानगी कुणाला होती? कोण मध्येच उठून जायचं? हे लागलं की कुणाला राग यायचा? शेवटचा प्रश्न अवश्य विचारा. आमच्याकडे सगळ्यात जास्त गोष्टी त्यातूनच निघाल्या, कारण बाबांच्या या नादाचा राग येणाऱ्यांची संख्या, आत्ता कळतंय, बरीच होती.

बोलणं रेकॉर्ड करताना फोन बोलणाऱ्याच्या जवळ आणि स्पीकरपासून लांब ठेवा. संगीत थांबवा, मग बोलू द्या. मी दोन्ही एकदम चालू ठेवलं आणि आईचा आख्खा अर्धा तास तुतारीवाल्यांनी गिळला. सुरुवातीला तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि आत्ता काय ऐकवलं ते स्वतःच्या आवाजात सांगून टाका. फाइलचं नाव बदललं, कागद हरवला, तरी ही माहिती आवाजातच राहते.

आणि कुणाला दुरुस्त करू नका. व्हिएन्ना फिलहार्मॉनिकच्या नववर्षाच्या मैफलीच्या शेवटी राडेट्स्की मार्च हा लष्करी चालीचा तुकडा वाजतो आणि श्रोते ठेक्यावर टाळ्या वाजवतात. आत्याचं म्हणणं, तो मार्च लागला की बाबा उठून दाराची कडी लावायचे, शेजाऱ्यांनी टाळ्यांच्या आवाजाबद्दल एकदा बोलून दाखवलं होतं म्हणून. आईचं म्हणणं, शेजारी काही बोलले नव्हते, वाऱ्याने दार आपटायचं म्हणून कडी. दोघी समोरासमोर बसून भांडल्या. मी दोन्ही वेगवेगळं नोंदवून ठेवलं.

पुसण्याआधी फोटो

जुनं कव्हर हातात आलं की फडकं घ्यावंसं वाटतं. आधी फोटो काढा: कव्हरच्या दोन्ही बाजू, आतलं पाकीट, तबकडीची दोन्ही लेबलं आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे. हे आकडे तिरप्या उजेडातच दिसतात, तेव्हा टॉर्च आडवा धरा. त्यांवरून आणि कॅटलॉग क्रमांकावरून आपली तबकडी नेमकी कुठली हे कळतं.

ते कळणं का महत्त्वाचं? एकच ऑर्केस्ट्रा एकच रचना पन्नास वेळा वाजवतो. व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीत ‘ब्लू डॅन्यूब’ हा योहान श्ट्राउसचा वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचा नाच) दरवर्षी वाजतो, आणि संचालक (कंडक्टर) बदलला की त्याची चाल बदलते. विली बोस्कोव्स्की यांनी १९५५ ते १९७९ अशी सलग पंचवीस वर्षं ही मैफल चालवली, तीही योहान श्ट्राउसच्या जुन्या पद्धतीने, हातात व्हायोलिन घेऊन. १९७९ची मैफल ही त्यांची शेवटची. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने डिजिटल तंत्राने ध्वनिमुद्रित करून बाजारात आणलेली पहिली तबकडीही हीच. आमच्याकडचा दोन तबकड्यांचा संच तोच आहे. इंटरनेटवर ऑर्केस्ट्रा आणि रचनेचं नाव टाकलं की पहिल्यांदा समोर येतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच वर्षाचं असतं. आई ते ऐकून म्हणाली, “हे घाई करतायत.” तिचं बरोबर होतं. संचालक वेगळा होता.

आता आतल्या पाकिटाबद्दल. आमच्या संचातल्या पहिल्या पाकिटाच्या आतल्या बाजूला, उघडून उजेडाकडे धरल्यावर, पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा लिहिलेल्या दिसल्या. तबकडी जेव्हा जेव्हा लावली तेव्हाची प्रत्येक तारीख. सुई किती वेळा फिरली याचा हिशेब ठेवण्याची बाबांची रीत असावी. त्या काळी सुई महाग होती आणि ते स्वतः हिशेबाचे. तारखा महिन्याला दोन-तीन अशा चालतात, मग एका ठिकाणी चौदा महिने काहीच नाही. आजी गेली ती या रिकाम्या जागेच्या सुरुवातीला. त्यानंतरची पहिली तारीख ताईच्या दहावीच्या निकालाची, आणि त्या एका दिवसासमोर तीन बारीक रेघा आहेत. आधी फडकं फिरवलं असतं तर पेन्सिल पुसून गेली असती. दुसऱ्या पाकिटावर मी ते केलंच होतं, तिथे आता नुसती राखाडी छटा आहे.

उतरवून घेणं

तबकडी व्हिनाइलची आहे की लाखेची, हे आधी पाहा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जड असतात आणि पडल्या की फुटतात. त्या बहुतेक लाखेच्या. लाँग प्ले, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी, १९४८ साली आली. ती व्हिनाइलची, हलकी आणि किंचित लवचिक. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव लावू नका, लाख विरघळते. तिची खाच, म्हणजे सुई फिरते ती रेघ, रुंद असल्यामुळे सुईही वेगळी लागते. लाँग प्लेची बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि खरखरीखेरीज हाती काही लागत नाही. व्हिनाइल मऊ ब्रशने झाडा, मग डिस्टिल्ड पाण्याने, लेबल कोरडं ठेवून, खाचेच्या दिशेने गोल पुसा. आडवं पुसू नका. सुकली की उभी ठेवा. एकावर एक रचलेल्या तबकड्या वाकतात.

प्लेअरची वायर सरळ संगणकात खुपसली आणि आवाज किडकिडीत, खर्ज नसलेला आला तर घाबरू नका. तबकडीवर खाच कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तीव्र स्वर जास्त ठेवलेले असतात. ते उलट फिरवून जागेवर आणणारा फोनो प्रीअँप मध्ये लागतो. कित्येक प्लेअरमध्ये तो आतच असतो, मागे छोटी कळ असते.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही प्रकारात, २४ बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झवर करा. ९६ला तासाला साधारण दोन जीबी जागा लागते, ४८ला त्याच्या निम्मी. एमपी३ नंतर नातेवाइकांना पाठवायला बनवा, मूळ प्रत म्हणून नको. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. संगीतातला सगळ्यात मोठा आवाज आधी वाजवून पाहा आणि काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावा. मार्चमधला ढोल एकदा फाटका उतरला की तो नंतर शिवता येत नाही.

एक खास चूक सांगते, कारण ती करताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं. प्लेअरचा वेग बरोबर आहे ना, हे तपासायला मी ट्यूनर, म्हणजे स्वराची उंची मोजणारं यंत्र, लावला. ऑर्केस्ट्राचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झ असतो हे वाचलेलं. ट्यूनर वर दाखवत होता. मी वेग पाऊण टक्क्याच्या आसपास कमी करून सगळ्या तबकड्या उतरवल्या, पंधरा दिवस घालवून. मग कळलं की व्हिएन्ना फिलहार्मॉनिक मुळातच वर, ४४३च्या आसपास मिळवतो. प्लेअर बरोबर होता, मी आख्खा ऑर्केस्ट्रा खाली ओढला होता. तेव्हा वेग तपासायचा तर प्लेअरवर ठेवायच्या छापील ठिपक्यांच्या (स्ट्रोब) चकतीने तपासा आणि आपला ऑर्केस्ट्रा कुठे मिळवतो ते आधी शोधा. या ऑर्केस्ट्राच्या रंगाला आणखीही कारणं आहेत. त्यांचा हॉर्न जुन्या व्हिएन्नी घाटाचा, ओबो हे फुंकवाद्यही त्यांचंच वेगळं, आणि टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांना प्लास्टिकऐवजी बकऱ्याचं कातडं. बाबा नुसता हॉर्न ऐकून “हे आपले” म्हणायचे तेव्हा आम्हाला ती फेकाफेक वाटायची.

कॅसेट असेल तर वाजवण्याआधी झाकणाच्या फटीतून पाहा: मध्यभागी फितीच्या मागे लोकरीच्या तुकड्यासारखी छोटी गादी दिसली पाहिजे. तिचा डिंक सुकून ती गळून पडते, मग आवाज येतो-जातो. अशा वेळी फीत दुसऱ्या चांगल्या कवचात हलवायची. स्क्रूची कवचं उघडता येतात, चिकटवलेली जपून फोडावी लागतात. वाजवण्याआधी फीत एकदा या टोकापासून त्या टोकाला पूर्ण गुंडाळून घ्या. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा (फीत वाचणाऱ्या भागाशेजारचा) छोटा स्क्रू अगदी कणभर फिरवून पाहा, तीव्र स्वर उघडतात. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, तिला पुढे-मागे पळवू नका.

तबकडी हाताशी असताना तिच्यावरून भरलेली कॅसेट कशाला उतरवायची, असं मलाही वाटलं होतं. आमच्या सहांपैकी एक कॅसेट बाबांनी आत्यासाठी भरलेली. वायर नव्हती, म्हणून स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून. संगीत म्हणून ती टाकाऊ आहे. पण त्यात सुई ठेवल्याची टक्क आहे, खुर्ची सरकते, आई आतून काहीतरी विचारते आणि बाबा उत्तर देत नाहीत. तबकडीवर व्हिएन्ना आहे. कॅसेटवर आमची खोली.

आणि मी काय केलं, तर सॉफ्टवेअरमधलं खरखर घालवण्याचं बटण दाबलं, मग कडकड घालवण्याचं, आणि त्याच फाइलवर साठवलं. ऐकायला गुळगुळीत झालं. महिन्याभराने आत्याला ऐकवलं तर ती म्हणाली, “मार्चच्या आधी कडीचा आवाज होता, तो कुठे गेला?” सॉफ्टवेअरला तो दोष वाटला होता. तोवर कॅसेटची गादी गळून पडलेली. कवच बदलून, पुन्हा उतरवून कडी परत मिळवायला एक रविवार गेला. म्हणून पहिली, न धुतलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि ते फोल्डर फक्त वाचण्यापुरतं करून ठेवा. सफाई नेहमी नकलेवर करा.

उडी मारणाऱ्या तबकडीचंही तेच. आमच्या ‘ब्लू डॅन्यूब’मध्ये सुई एका जागी एक फेरा मागे जाते. ताई आणि मी अजूनही ती चाल गुणगुणताना तिथे दोनदा म्हणतो. स्वच्छ प्रत हवी तर ती करा, पण उडीसकटची ठेवा.

आठवण तुकड्याला बांधणं

नुसत्या फाइली आणि नुसत्या मुलाखती एका डिस्कवर पडून राहिल्या तर पुढची पिढी त्यांना हात लावत नाही. मी एक साधी वही केली, नंतर तीच स्प्रेडशीटमध्ये टाकली. एका ओळीत रचना, मैफलीचं वर्ष, संचालक, आमची तबकडी की कॅसेट, कितव्या मिनिटाला काय होतं, कोण काय म्हणालं आणि ते बोलणं कुठल्या फाइलमध्ये आहे. कडीचे दोन रकाने आहेत, एक आत्याचा, एक आईचा. कितवं मिनिट हा रकाना सोडू नका, सगळं त्यावर चालतं.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. जे वर्ष अंदाजाने लिहिलंत त्यापुढे ‘सुमारे’ लिहा. वीस वर्षांनी तुमचा अंदाज कुणीतरी पुरावा म्हणून वापरणार आहे.

त्यांचाही भूतकाळ असतो

आवडता ऑर्केस्ट्रा घरचा झाला की त्याच्याबद्दल गोडच बोललं जातं. बाबांच्या तोंडून आम्ही ऐकलं ते एवढंच: १८४२ची स्थापना, व्हिएन्नातल्या म्युझिकफेरायन या वास्तूतलं सोनेरी सभागृह, आणि मुंबईत जन्मलेले संचालक झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले आणि पुढे १९९०पासून पाच वेळा तीच नववर्षाची मैफल त्यांनी चालवली. मेहतांचं वर्ष आलं की बाबा असे बसायचे की हार त्यांनाच घालायचा आहे.

नोंदी जुळवताना मला कळलं की या मैफलींची सुरुवात ३१ डिसेंबर १९३९ची, क्लेमेन्स क्राउस यांच्या संचालनाखाली, नाझी राजवटीत. त्या पहिल्या मैफलीचं उत्पन्न नाझींच्या हिवाळी मदतनिधीला गेलं. ज्यू वादकांना ऑर्केस्ट्रातून काढलं गेलं, काहींचा जीव छळछावण्यांत गेला. ऑर्केस्ट्राने इतिहासकारांकडून या काळाचा अभ्यास करून घेऊन २०१३ साली तो खुला केला. बाईमाणसाला पूर्ण सभासद करून घ्यायला १९९७ साल उजाडलं. त्या हार्पवादक आना लेल्केस.

हे वहीत लिहावं की नाही, यावर ताईचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली, बाबांच्या आठवणींत हे कशाला? मी लिहिलं. ज्या मैफलीवर घरातली एवढी वर्षं बांधलेली आहेत तिचं पहिलं पान फाडून मुलांच्या हातात द्यायचं, हे मला पटत नाही. तुमच्या ऑर्केस्ट्राचंही असं काही निघू शकतं. निघालं तर त्याला स्वतंत्र पान द्या, आठवणींच्या मध्ये घुसवू नका.

पोरांना बसवायचं तर

दोन तास बसवू नका. एक गोष्ट शोधायला द्या. भाच्याला मी वॉल्ट्झवर एक-दोन-तीन मोजायला लावलं आणि विचारलं, चुकतंय कोण, तू की ते? व्हिएन्नी वादक दुसरा ठोका किंचित आधी टाकतात, त्यामुळे सरळ मोजणारा अडखळतो. तो तीनदा अडखळला, चिडला आणि चौथ्यांदा स्वतःच मागे नेऊन ऐकू लागला. दुसरी जागा ‘ब्लू डॅन्यूब’च्या सुरुवातीची. व्हायोलिनची थरथर सुरू होते न होते तोच श्रोते टाळ्या वाजवून वादन थांबवतात, मग सगळा ऑर्केस्ट्रा नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. दरवर्षी ठरवून. मुलांना हा ठरवलेला खोडसाळपणा फार आवडतो.

कडी मात्र त्याला न सांगताच ऐकू आली. “मध्येच टक्क झालं ते काय?” मी त्याला दोन्ही रकाने दाखवले. त्याने तिसरा सिद्धांत मांडला, आजोबांना कुणी आत यायला नको असेल. तोही लिहिला आहे, त्याच्या नावाने.

राहता राहिल्या प्रती. तीन ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरात. मुलाखती घरच्यांना मोकळेपणाने वाटा, पण ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीचे असतात, तेव्हा तबकडीवरचं संगीत इंटरनेटवर चढवू नका. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून मधूनमधून वाजवून पाहा. फाइलचं नाव दिसतं म्हणजे फाइल आहे असं नाही. यंदा जानेवारीत ताईकडची डिस्क उघडली तर तीन फाइली वाजेनात, त्यांतली एक आत्याची. माझ्याकडच्या प्रतीवरून तिला परत दिल्या आणि ती डिस्क बदलली. प्लेअरची सुई बदलायची अजून राहिली आहे.